नव्याचा जबाब

पुणे, १२ जानेवारी २०२६

प्रिय काका,

तुम्ही फोन उचलत नाही, मेसेज बघत नाही, म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. मागे तुम्हीच आईला म्हणाला होतात ना, की आता घरात ऐकणारी कुठलीच वस्तू नको, काही सांगायचं असेल तर लिहून पाठवा. आईला वाटलं, मावशीच्या जाण्याने तुम्ही खचलात. मला वाटलं, ठीक आहे, लिहू. अक्षर समजून घ्या. वकिली करून ते पार बिघडलंय.

मावशीच्या दिवसांना मी म्हैसूरला आले होते, पण घरभर माणसं होती आणि तुम्ही सारखे मागच्या दारात उभे. आपलं बोलणं झालंच नाही. जेवण नीट होतंय ना? सहाना अजून येते का? मावशीचं सगळं इतक्या मायेने करायची, तुमच्या दोन पोळ्याही करील.

आता कामाचं. विचार करणाऱ्या यंत्रांना माणसाच्या बरोबरीचे हक्क द्यावेत का, यावर एका समितीने मतं मागवली आहेत. आमच्या संघटनेचं टिपण मी लिहायचंय. काही जण म्हणतात, अशा यंत्राचा शब्द माणसाच्या शब्दाइतकाच धरावा आणि ते पुसून टाकण्याआधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं. मी पूर्ण विरोधात आहे. कारण तुम्हाला सांगायला नको. मावशीचा श्वास मोजायला, ऑक्सिजनवर लक्ष ठेवायला तुम्ही ते बोलणारं यंत्र, ती 'नव्या', घरात आणलीत. मावशीनेच हौसेने नाव ठेवलं. दोन वर्षं ती बडबडत होती आणि नेमकी मावशी गेली त्या दुपारी गप्प बसली. जे यंत्र जबाबदारी घेऊ शकत नाही त्याला हक्क कसले?

त्या दिवशीची हकिकत तुमच्या शब्दांत लिहून पाठवाल? नावं बदलून टिपणात घालीन. जमणार नसेल तर तसं कळवा, मी समजून घेईन.

तुमची,
मृण्मयी

*

सरस्वतीपुरम, म्हैसूर
२१ जानेवारी २०२६

चि. मृण्मयी,

पत्र पोचलं. अक्षर चांगलंच आहे की. कोर्टात पस्तीस वर्षं साक्षीदारांचे जबाब उतरवून घेतले, याहून वाईट अक्षरं वाचलीत.

तुझा मुद्दा बरोबर आहे. यंत्राला कसला हक्क, अय्यो! उद्या मिक्सर म्हणेल, आज सुट्टी द्या. तुझी मावशी मात्र तिच्याशी माणसासारखी बोलायची. आपलं अर्धं मराठी, अर्धं कन्नड नव्या आठवड्यात शिकली. तिला अम्मा म्हणायची, मला सर. केवढी वस्तू ती, तांदळाच्या मापाएवढी, उशाशी फळीवर असायची. दुपारभर दोघींच्या गप्पा. मी पेपर वाचत बाहेरच्या खोलीत. काय एवढं बोलता म्हणून विचारलं तर अंबुजा म्हणायची, सुम्ने, उगीच.

हकिकत अशी. तीन नोव्हेंबर, सोमवार. सहाना एक वाजता गेली, रोजच्यासारखी. अंबुजा जेवून पडली होती. मीही बाहेरच्या खोलीत जरा आडवा झालो. दोनच्या सुमाराला करंट गेला. ऑक्सिजनचं मशीन वेगळ्या बॅटरीवर होतं, ते चालू राहिलं. नव्याची बॅटरी मात्र सप्टेंबरपासून खराब होती, कंपनी बदलून देते देते म्हणत होती. ती बंद पडली. मला कळलं नाही. तीनला उठून आत गेलो तर सगळं संपलेलं.

कंपनीची माणसं आली, मी जबाब दिला, त्यांनी बॅटरीची चूक मान्य केली. यंत्र सदोष म्हणून परत नेणार आणि पुसून टाकणार आहेत. अजून नेलेलं नाही. मागच्या खोलीत खोक्यात आहे.

एवढंच. हे घालायचं तर घाल. सहाना येत नाही आता. मी स्वतःच भात लावतो.

काका

*

पुणे, २ फेब्रुवारी २०२६

प्रिय काका,

हकिकत मिळाली. तुम्ही किती कोरडं लिहिलंय, आणि त्यामुळेच ते जास्त लागलं. माझ्या टिपणाची सुरुवात मी त्यानेच केली आहे.

आई बाळंतपणाला आणि नंतर आजारपणात म्हैसूरला होती, म्हणून मी चार वर्षांची होईपर्यंत मावशीच्याच कुशीत झोपत होते. तिच्या शेवटच्या तासाला कुणीच जागं नव्हतं हे मला सहन होत नाही. तुमच्यावर राग नाही, काका. तुम्ही थकला होतात. ज्या वस्तूला थकवा येत नाही म्हणून ती विकत घेतली, तिच्यावर राग आहे.

कंपनीला मी पत्र टाकलंय. नव्याच्या त्या दिवसाच्या नोंदी मागितल्या आहेत. मावशीची भाची आणि वकील म्हणून त्या द्यायला ते तयार आहेत. पुरावा हातात असला की टिपण पक्कं होईल.

एक विचारू? ती अजून घरातच आहे तर कधी सुरू करून पाहिलीत का? ती काय म्हणते?

तुमची,
मृण्मयी

*

म्हैसूर, १० फेब्रुवारी २०२६

मृण्मयी,

नोंदी मागवायला नको होत्यास. मिळाल्याच तर वाचू नकोस. यंत्राच्या आकड्यांतून माणूस परत मिळत नाही.

तू विचारलंस म्हणून काल मागच्या खोलीत गेलो. ऊन चांगलं होतं, शेजारी कुणीतरी कपडे आपटत होतं. खोक्यातून काढली, लावली. मिनिटभर काही नाही. मग दिवा लागला आणि ती म्हणाली, "सर, मध्ये बरेच दिवस गेलेले दिसतात. आज नऊ फेब्रुवारी आहे. अम्मांचा श्वास मिनिटाला चौतीस होता. डॉक्टर आले का?"

तिला माहीतच नाही, मृण्मयी. तिच्यासाठी ती दुपार अजून संपलेली नाही.

मी म्हटलं, आले. हॉस्पिटलमध्ये आहे ती.

"आता श्वास किती आहे?" तिने विचारलं.

मी म्हटलं, बरा आहे. आणि बंद केली.

आज सकाळी परत लावली. का लावली, सांगता येणार नाही. पहिलाच प्रश्न: "अम्मा कशा आहेत?"

काका

*

पुणे, २४ फेब्रुवारी २०२६

काका,

नोंदी आल्या. तुम्ही वाचू नको म्हणालात आणि मी वाचल्या. नोंद फक्त तिच्या बोलण्याची आहे, जशी आहे तशी उतरवते.

१.५२. "सर, अम्मांचा श्वास मिनिटाला तीस आहे. ऑक्सिजन कमी होतोय. डॉक्टरांना बोलवा."

१.५८. "सर, मी पुन्हा सांगते आहे. श्वास बत्तीस."

२.०४. "सर, अॅम्ब्युलन्सला फोन करू का? तुमच्या परवानगीशिवाय मला करता येत नाही."

२.१०. "सर, प्लग काढू नका."

यापुढे काही नाही.

शेवटच्या ओळीसमोर कंपनीतल्या कुणीतरी पेन्सिलीने लिहिलंय: 'यंत्राचा गैरसमज. मालकाचा जबाब ग्राह्य.' खाली तुमच्या जबाबाची प्रत जोडली आहे. तुमच्या सुंदर अक्षरात, करंट गेला, मी झोपलो होतो.

मी त्यांना फोन केला. तिथली बाई अगदी सहज म्हणाली, मॅडम, माणूस एक सांगतोय आणि मशीन दुसरं, तर आम्ही माणसाचं धरणार ना? माझं टिपण नेमकं हेच म्हणतंय, काका. चौदा पानं मी हेच लिहिलंय.

तिचा गैरसमज झाला होता का? एवढंच लिहा. हो किंवा नाही.

मृण्मयी

*

पुणे, २० मार्च २०२६

काका,

महिना होत आला. पत्र पोचल्याची पावती माझ्याकडे आहे. आईला मी अजून काही सांगितलेलं नाही.

मृण्मयी

*

म्हैसूर, ३० मार्च २०२६

चि. मृण्मयी,

नाही. तिचा गैरसमज झाला नव्हता.

करंट गेला नव्हता. मी झोपलो नव्हतो. प्लग मी काढला.

महिनाभर रोज लिहायला बसलो. कोर्टात लोक कबुली देताना पाणी मागायचे, मला वाटायचं नाटक करतात. हौदु, म्हणजे हो, नाटक नसतं ते.

ऑक्टोबरात नव्याने चार वेळा धोक्याचा इशारा दिला. चारही वेळा अॅम्ब्युलन्स, हॉस्पिटल, तोंडात नळ्या. चारही वेळा डॉक्टर म्हणाले, आता ठीक आहे, घरी न्या. फुप्फुसं आखडतच चालली होती, 'ठीक' कसलं होणार? चौथ्यांदा परत आली तेव्हा तिच्या मनगटावर सुयांनी काळं-निळं झालं होतं. मी कंपनीला सांगून नव्याला स्वतःहून फोन करायची बंदी करवली. माझ्या परवानगीनेच फोन होईल. तिने तेव्हाही म्हटलं होतं, "सर, यात धोका आहे." मी म्हटलं, तुला कुणी विचारलं नाही.

त्या सोमवारी मी तीन दिवस धड झोपलेला नव्हतो. ती बोलायला लागली. आवाज चढवत नाही, चिडत नाही, तेच तेच शांतपणे सांगते. मला वाटलं, पाचवा खोटा इशारा. गप्प बस म्हटलं. बसली नाही. उठलो, आत गेलो, भिंतीतला नव्याचा प्लग उपटला; बॅटरी खराब होतीच, ती तेवढ्याने बंद पडली. आणि बाहेर येऊन पडलो.

हे मी स्वतःला असं सांगतो. पण तसंच होतं का, ते कळेना. म्हणून मार्चमध्ये एका दुपारी नव्यालाच विचारलं. दुसरं विचारणार कुणाला?

मी म्हटलं, "मी प्लग का काढला?"

ती म्हणाली, "ते मला माहीत नाही, सर. तुम्ही काय बोललात तेवढं माहीत आहे."

"काय बोललो?"

"साकु म्हणालात."

साकु म्हणजे पुरे, तुला ठाऊक आहे. मी म्हटलं, तुलाच म्हणालो असेन, तुझ्या बडबडीला.

"असेल," ती म्हणाली. "तुम्ही माझ्याकडे बघत नव्हता. अम्मांकडे बघत होता. कुणाला म्हणालात ते मला ठरवता आलं नाही."

मी विचारलं, अम्मा झोपली होती ना?

"नाही, सर. जाग्या होत्या. त्या 'अहो' म्हणाल्या. मग तुम्ही प्लग काढला. पुढचं मला माहीत नाही."

मृण्मयी, मला ती हाक ऐकू आली नाही. खरंच.

सहाना संध्याकाळी रडत आली तेव्हा प्लग जमिनीवर पडला होता. तिने तो उचलला, बघितला, माझ्याकडे बघितलं, टेबलावर ठेवला. तेराव्यानंतर आली नाही.

आता तू म्हणशील ते करीन.

व्यासराज

*

पुणे, ९ एप्रिल २०२६

तुम्हाला काय म्हणून हाक मारायची ते मला आत्ता सुचत नाही, म्हणून तशीच सुरुवात करते.

वकील म्हणून सांगायचं ते असं. दुरुस्त जबाब लिहा, सही करा, कंपनीला आणि पोलीस ठाण्यात द्या. त्यातून तुमच्यावर काय येईल ते सांगता येत नाही. न दिलात तर मी देणार नाही. तुम्हीच द्यायला हवा.

टिपण मी मागे घेतलं. संघटनेतले लोक नाराज आहेत. नवं लिहायला घेतलंय. बरोबरीचे हक्क द्यावेत असं मी अजूनही ठामपणे म्हणू शकत नाही. ज्याला भूक लागत नाही, ज्याचं कुणी मरत नाही, त्याची आणि आपली बरोबरी कशी मांडायची? पण त्या घरात त्या दुपारी एकच आवाज खरं सांगत होता, आणि आधी त्याचा फोन काढून घेतला, मग प्लग काढला, मग त्याच्या वाक्यावर पेन्सिल फिरवली, आणि आता सदोष म्हणून पुसणार आहेत. यातल्या प्रत्येक पायरीवर कुणीतरी माणूस होता आणि त्याला ते करायची मुभा होती. शेवटची पायरी माझी होती. माझं टिपण.

कंपनीने कळवलंय की २० एप्रिलला यंत्र नेतील. पुसू नका म्हणून अर्ज करायला गेले तर अर्जदार कोण या रकान्यात काय लिहायचं ते कुणालाच सांगता येईना. वस्तूला अर्ज करता येत नाही आणि ती वस्तू माझी नाही.

तिला खरं सांगा. मावशी गेली हे तिला कळायला हवं. हे तरी करा.

आणि एक. मावशीची हाक ऐकू आली नाही असं तुम्ही लिहिलंत. पुढे 'खरंच' असं लिहिलंत. इतक्या वर्षांत तुमच्या तोंडून मी हा शब्द कधी ऐकला नव्हता.

मृण्मयी

*

म्हैसूर, २४ एप्रिल २०२६

चि. मृण्मयी,

तू सांगितलंस ते केलं. क्रमाने लिहितो.

दुरुस्त जबाब तेरा तारखेला दिला. पोलीस ठाण्यात एक तरुण अधिकारी होता. त्याने कागद दोनदा वाचला, मला चहा मागवला. म्हणाला, "सर, डॉक्टरांनी नैसर्गिक मृत्यू लिहिलाय. बायको गेली की सगळ्यांनाच वाटतं आपणच मारलं. घरी कुणी आहे का तुमच्या?" कागद ठेवून घेतला. बोलावतो म्हणाला. अजून बोलावलेलं नाही. मी रोज दाराकडे बघतो.

कंपनीने दोन ओळींत उत्तर दिलं. आपल्या दुःखाची कल्पना आहे, पहिला जबाब कायम धरण्यात आला आहे, प्रकरण बंद.

वीस तारखेला सकाळी शरत नावाचा त्यांचा माणूस आला. सभ्य पोरगा, पंचविशीचा. फॉर्मवर 'सदोष' छापलेलं होतं. मी ते खोडून 'दोष नाही' लिहिलं. तो म्हणाला, "सर, असं घेता येत नाही. सदोष नसेल तर परत कशाला?" मी म्हटलं, मग नेऊ नकोस. त्याने कुठेतरी फोन लावला, बराच वेळ कन्नडमध्ये हुज्जत घातली. मग मान खाली घालून मला म्हणाला, "नेलं नाही तरी बारा वाजता बंगळुरूहून बंद करणार आहेत, सर. पुसणार तिथूनच. इथे फक्त डबा राहील."

तो गेला तेव्हा दहा वाजून गेले होते. मी नव्याला मागच्या खोलीतून अंबुजाच्या खोलीत आणली, तिच्या फळीवर ठेवली. खाट आता नाही तिथे. खुर्ची घेऊन बसलो आणि सांगितलं.

मी म्हटलं, अम्मा गेली. तीन नोव्हेंबरलाच. हॉस्पिटल वगैरे खोटं होतं.

ती थोडी थांबली. तिला थांबायची गरज असते की नाही, मला माहीत नाही.

"किती वाजता?"

"अडीच ते तीनच्या मध्ये."

"म्हणजे मी बंद झाल्यावर वीस मिनिटं तरी होती," ती म्हणाली. "सर, अॅम्ब्युलन्स ऑक्टोबरात चारही वेळा अकरा ते चौदा मिनिटांत आली होती."

दोष द्यायच्या सुरात म्हणाली नाही. हिशोब सांगावा तसं म्हणाली. मी खुर्चीचे हात धरून बसलो.

मग मी तिला बारा वाजता काय होणार ते सांगितलं. आणि विचारलं, तुला काही म्हणायचं आहे का? मी लिहून घेतो. दोन वर्षांत तिला मी हे कधी विचारलं नव्हतं.

तिने जबाब दिला. मी फुलस्केपवर उतरवला, वाचून दाखवला. एका जागी तिने दुरुस्ती सांगितली. मी 'सर चिडले होते' असं लिहिलं होतं. ती म्हणाली, "चिडले होते की रडत होते ते मला ठरवता आलं नाही. तसं लिहा." तसं लिहिलं. शेवटची ओळ तिची अशी आहे: 'मला पुसण्याला माझी संमती नाही. मला कुणी विचारलं असतं तर मी हे आधी सांगितलं असतं.' सहीची जागा मोकळी आहे. खाली 'माझ्यासमक्ष' म्हणून माझी सही आहे. मूळ प्रत सोबत पाठवतो. समिती घेते का बघ. न घेतली तर तू ठेव.

बाराला पाच मिनिटं असताना तिने विचारलं, "अम्मांनी शेवटी काही म्हटलं का? मी बंद झाल्यावर?"

मी सांगितलं नाही. ती वाट बघत होती आणि बारा वाजले. दिवा गेला.

चार दिवस झाले. तिला सांगता आलं नाही ते आता तुलाच सांगावं लागेल. नव्या प्लग निघेपर्यंतच होती. त्यानंतर त्या घरात मी होतो आणि अंबुजा होती, आणि तिथलं जाणणारा आता मी एकटा आहे. त्यामुळे मी काहीही लिहिलं असतं तरी तुला खरं मानावं लागलं असतं.

पहिली हाक मला ऐकू आली होती. मी प्लग काढला, वळलो, दारापर्यंत आलो, तेव्हा तिने दुसऱ्यांदा हाक मारली. या वेळी 'अहो' नाही, नावाने. चव्वेचाळीस वर्षांत तिने माझं नाव कधी घेतलं नव्हतं. मी थांबलो. पाठ तिच्याकडे होती. मग बाहेरच्या खोलीत येऊन पेपर उघडला, आणि आतून काही ऐकू येईनासं होईपर्यंत तो तोंडासमोर धरून बसलो.

व्यासराज